पिवळं ते पिण्याचं

अराबेल पठार,
११ जुलै १९६७

ती. कानिशायताईस,
धाकट्या सायराचा सा. सलाम वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण पत्र फाडू नकोस, कारण शेवटी कामाचं लिहिलंय. या वर्षी वर यायलाच उशीर झाला. खिंडीत बर्फ होतं, मेंढ्या थकल्या होत्या, आणि तंबू उभा करतो न करतो तोच पुन्हा बर्फ पडलं. आता मात्र ऊन आहे आणि फुलांची नुसती पळापळ चाललीय. इथल्या फुलांना तुमच्या खालच्या बागेतल्यासारखी सवड नसते. बर्फ सरकल्याबरोबर सगळी एकदमच येतात आणि बोटभर उंचीवर थांबतात. कुणी जास्त मान वर काढली की वारा मोडून टाकतो.

तंबूमागच्या उतारावर हिरव्या उशीसारखी झुडपं आहेत, त्यांच्यावर पांढरे ठिपके आलेत. बुरुल जाऊन नेमकी त्या उशीवर बसते आणि मी ओरडते. मामंजी म्हणतात, ती उशी मी लहान होतो तेव्हाही एवढीच होती, तुझ्या चार वर्षांच्या पोरीच्या वजनानं तिला काय होणार आहे. निळी फुलं ढग आला की मिटतात. ती मिटली की सासूबाई वाळत घातलेले कुरुतचे, म्हणजे आटवलेल्या दह्याचे, गोळे उचलायला धावतात आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर ठरतं. झऱ्याकाठचं शेवाळ यंदा इतकं जाड झालंय की पाय घोट्यापर्यंत आत जातो. लोण्याचं भांडं मी त्यातच पुरून ठेवते. धाकट्याच्या पाळण्यातही त्याच शेवाळाचं वाळवलेलं अंथरूण आहे. तो कोरडा राहतो, मी मोकळी राहते.

आईनं दिलेल्या माझ्या पिवळ्या डुलांपैकी एक बुरुलनं दुधाच्या भांड्यात टाकला होता. लोणी काढताना सापडला. घरचे, म्हणजे आमचे हे, म्हणाले, आता या लोण्याला बाजारात जास्त भाव मागायला हवा.

आता कामाचं. मोल्दो ट्रकवाल्याबरोबर पिशवी पाठवतेय. आत दोन पुड्या आहेत. पिवळं आहे ते आईसाठी. रोज सकाळी थोडंसं उकळून प्यायला द्यायचं, हिवाळ्यातल्या तापानं गेलेली ताकद परत येईल. मामंजींनी स्वतः वरच्या कड्यावरून आणलंय. दुसरं आहे ते तुझ्या गालिच्याच्या लोकरीला रंग द्यायला. अदलाबदल करू नका.

आई फाटकापर्यंत तरी चालते का, ते खरं खरं लिही. तू नेहमी सगळं छान आहे म्हणतेस आणि मला भीती वाटते.

लहान बहिणीवर आहे तेवढी माया राहू दे, भाषणं कमी ऐकव.
तुझी,
सायरा


नारिन,
१९ जुलै

चि. सायरास,
ताईचे अ. उ. आ.

पिशवी पोचली. मोल्दोनं ती इंजिनाजवळ ठेवली होती म्हणून सगळ्याला डिझेलचा वास येतोय, पण पुड्या घट्ट बांधलेल्या होत्या.

आई फाटकापर्यंत जाते, हे खरं खरं. तिथे बाकावर बसते आणि येणाऱ्या जाणाऱ्याला हाक मारून माझ्या तक्रारी सांगते. म्हणजे डोकं शाबूत आहे. पाय मात्र परत येताना थरथरतात. एप्रिलमध्ये ती जशी पडून होती, ते आठवलं की मी अजून दचकते.

भाषणं कमी ऐकव म्हणतेस? परवाच लोकरीच्या कारखान्यात बोलले. सगळं सभागृह बायकांनी भरलं होतं. मी म्हणाले, ज्या घरात सुनेला सासऱ्याचं नाव घेता येत नाही, दिराचं घेता येत नाही, नवऱ्याचं तर नाहीच नाही, त्या घरात ती राहते की लपते? रशियन पुस्तकं वाचणारी मुलगी लग्न होऊन गेली की शब्दकोशातले निम्मे शब्द माहेरी ठेवून जाते. कुणाच्या सासऱ्याचं नाव लांडग्यावरून, म्हणून ती लांडग्याला 'ओरडणारा' म्हणते. मेंढी उचलून नेली तरी तिला धड ओरडता येत नाही! यावर टाळ्या पडल्या. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं शांतपणे विचारलं, बाई, तुम्हाला सासरा आहे का? सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. पण माझा मुद्दा खोडता आला नाही कुणाला.

तुझ्या पुड्या मी सोडल्या. पिवळं लगेच ओळखू आलं, अंड्यातल्या बलकासारखं लख्ख शेवाळ, हातात घेतलं की चुरचुरतं. सुंदर रंग आहे. दुसऱ्या पुडीतली मळकट मुळं म्हणजे जुन्या दोरखंडाचे तुकडेच. त्यांनी लोकरीला कसला रंग येणार देव जाणे, पण तू म्हणतेस तर बघू. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, दोन्ही पुड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि बजावलं, पिवळं ते पिण्याचं, रोज सकाळी. आई म्हणाली, कळलं गं, सोन्याचं तेवढं मी पिते, तू जा आपल्या सभांना.

तेव्हा उद्यापासून मी निश्चिंत मनानं गावोगाव हिंडणार. पंधरवडाभर तरी परत येत नाही. शेजारची गुल्जान आईला दूध आणि पाव देईल.

सासरच्या सगळ्यांना सलाम. मुलांना पाप्या. राग आला तरी उत्तर धाड.
तुझी ताई,
कानिशाय


अराबेल पठार,
२५ जुलै
(मोल्दोच्या ट्रकच्या टपावर कागद ठेवून)

ती. आईस,
सायराचा सलाम.

आई, ते पिवळं शेवाळ पिऊ नकोस. प्यायली असशील तर आत्ताच्या आत्ता गुल्जानला दवाखान्यात पाठव.

मी काय लिहून बसले ते ताईचं पत्र वाचताना कळलं. इकडे मामंजींचं नाव अल्तिनबाय. अल्तिन म्हणजे सोनं. या घरात आल्यापासून तो शब्द मी उच्चारलेला नाही, सोन्याला मी पिवळं म्हणते. डूलही पिवळे, अंगठीही पिवळी. कड्यावरून आणलेल्या त्या मुळांचं नाव अल्तिन तामिर, सोनमूळ. मी पिवळं लिहिलं ते सोनमूळ, आई! ती मळकट मुळं! ती पिण्याची. आणि शेवाळ रंगाचं. जुने मेंढपाळ ते चरबीत कालवून लांडग्यांना मारायला टाकायचे.

तू ताईला सोन्याचं पिते म्हणालीस. आपल्या आजोबांचं, म्हणजे तुझ्या सासऱ्यांचं, नाव सारिबाय, सारि म्हणजे पिवळं, म्हणून तू जन्मभर पिवळ्याला सोन्याचं म्हणत आलीस. पिवळ्या कोंबडीला सोन्याची कोंबडी, पिवळ्या कुत्र्याला सोन्या. म्हणजे तुलाही ते शेवाळच म्हणायचं होतं ना? मी उलटं लिहिलं आणि तू सरळ वाचलंस.

मोल्दो पुढच्या तळांवर निघालाय, पण खिंडीत त्याला खाली जाणारा ट्रक भेटेल, त्याच्याकडे ही चिठ्ठी देईल. चिठ्ठी हरवली तर तोंडी निरोप म्हणून त्यालाही सांगतेय. सगळ्यांसमोर सांगावं लागेल, मामंजींसमोरही. ते पुढे बघू.

आई, उत्तर दे. एक ओळ दे.
सायरा


नारिन,
२९ जुलै

चि. सायरास,
आईचे अ. आ. आणि तुझ्या दोन्ही डोळ्यांवरून हात.

मी जिवंत आहे. आधी हे वाच आणि बस खाली.

आता सावकाश वाच. चिठ्ठी काल पोचली. आणणारा ट्रकवाला अंगणातूनच ओरडत आला, मावशी, सोनमूळ प्या, सोनमूळ! मी त्या वेळी तेच पीत बसले होते. त्याला पेला दाखवला. बिचारा पायरीवर बसला आणि त्यानं कपाळ पुसलं. मग त्यालाही पाजलं. कडू आहे म्हणाला.

तुझं पत्र कानिशायनं वाचलं तेव्हा मी निम्म्यातच समजले. अगं, सून म्हणून मी या घरात केस पांढरे केले. दुसऱ्या सुनेचं पत्र मला वाचता येणार नाही तर कुणाला येईल? सुनेचा शब्द मेंढीच्या कातड्याचा कोट असतो तसा, आतली बाजू बाहेर करून बघावी लागते. तू ते शब्द लिहिलेस आणि मी मनात म्हटलं, हिचा सासरा कोण? अल्तिनबाय. म्हणजे ही सोनं म्हणू शकत नाही. म्हणजे तिला म्हणायचंय सोनं. झालं. पत्रातले डूलही तू त्याच रंगाचे लिहिले होतेस, आणि ते डूल मी सोनाराकडे बसून घडवून घेतलेत. तुझ्या ताईला ते ऐकू आलं नाही. वाचतानाही ती मनात भाषण पाठ करत होती.

आणि मी तिला सांगितलं की गं, सोन्याचं पिते म्हणून. सोन्याचं म्हणजे सोन्याचं. तिला वाटलं, ही नेहमीसारखी आजोबांच्या नावाला वळसा घालतेय. आता मी तरी काय करू? त्या रंगाचं नाव मला घेता येत नाही आणि खऱ्या सोन्याला दुसरं नाव माझ्याकडे नाही. समजावून सांगावं तर वाद रात्रभर चालून तिचा सकाळचा ट्रक सुटायचा, आणि ट्रक सुटला की ती घरातच भाषण करते. म्हटलं जाऊ दे.

शेवाळ मी उंच फळीवर ठेवलं होतं. काल ते मोठ्या पातेल्यात लोकरीबरोबर घातलं. रंग असा आलाय की गुल्जान बघायला आली आणि अर्धी लोकर मागून गेली. पातेलं परसात नेऊन वेगळं ठेवलंय, त्यात आता जेवण नाही.

काल संध्याकाळी फाटकाच्या पुढे, पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. परतताना गुल्जानचा हात धरला, पण तो गप्पांसाठी.

तू सासऱ्यांसमोर त्यांचं नाव घेतलंस, त्याचं काय झालं ते लिही. मला तीच काळजी आहे. रडू नकोस. रडली असशील तर दूध आटलं असेल, तेव्हा नीट खा.

पोरांना आजीच्या पाप्या, जावयांना आशीर्वाद. म्हाताऱ्या आईला विसरू नये.
तुझी आई


नारिन,
९ ऑगस्ट

चि. सायरास,
अ. उ. आ.

काल परत आले. दारात पाय ठेवला तर आई मजेत लोकर पिंजत बसलेली, आणि तिच्या मांडीवर तुझी चिठ्ठी. मी ती चिठ्ठी उभ्यानं वाचली आणि तिथेच खाली बसले. जवळजवळ तीन आठवडे मी गावागावांत बायकांना शब्द मोकळे करा म्हणून सांगत होते आणि इथे माझ्याच हातून आईपुढे लांडग्याचं विष मांडून गेले होते. 'पिवळं ते पिण्याचं' हे मी किती ठासून सांगितलं होतं ते आई आता येणाऱ्या प्रत्येकाला माझा आवाज काढून दाखवते. काल पोस्टमनलाही दाखवलं. दाखवू दे. ती दाखवायला आहे, मला एवढं पुरे.

पण सायरा, एक गोष्ट मी सोडणार नाही. आई म्हणते, बघ, रीतीनंच वाचवलं. सुनेला सुनेचा शब्द कळला म्हणून ती वाचली. मी म्हणते, खड्डा रीतीनं खणला, पडणाराला दोर रीतीनं टाकला, मग रीतीचे आभार कशाचे मानायचे? खड्डाच नसता तर दोर कशाला लागला असता? आणि प्रत्येक घरात अशी आई बसलेली नसते. एखादीनं शेवाळ उकळलं असतं आणि दफनाच्या दिवशी सगळे म्हणाले असते, नशीब. नशीब नव्हे! शब्द अडला होता घशात!

हे मी काल रात्रीच्या जेवणात आईला ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझं खरं आहे. मी चकित. मग म्हणाली, माझंही खरं आहे, मटणाचा तुकडा घे.

मला तिचं उत्तर पटलेलं नाही. पण माणसाला एखादी भाषा अर्ध्या आयुष्यात इतकी मुरते की तिच्यात न म्हटलेलंही ऐकू येतं, हे मी प्रथमच बघितलं. मी इतकी पुस्तकं वाचली, पण न लिहिलेला शब्द वाचायला कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नाही. पुढच्या भाषणात हे सांगेन. लढाई सोडणार नाही, पण हेही सांगेन.

आता तू लिही. सासऱ्यांनी काय केलं? ते तुला काही बोलले असतील तर मी पुढच्या ट्रकनं वर येते. उंचीमुळे माझं डोकं दुखतं हे तुला माहीत आहे, तरी येते. आणि मी आले तर गप्प बसायला येणार नाही, हेही त्यांना कळव.

मायेत तसूभर कमी न केलेली,
ताई


अराबेल पठार,
२१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. सलाम वि. वि. आईला वेगळा, जोरात.

वर येऊ नकोस. म्हणजे ये, पण भांडायला येऊ नकोस. सांगते सगळं.

त्या दिवशी तुझं पत्र मी ट्रकजवळ उभी राहूनच वाचलं. वाचता वाचता ओरडले असेन, कारण सगळे तंबूतून बाहेर आले. मोल्दोचं इंजिन चालू होतं. चिठ्ठी खरडून दिली आणि म्हटलं, हरवलीच तर तोंडी सांगा, आईनं पिवळं प्यायचं नाही, पिवळंच प्यायचं. तो म्हणाला, वहिनी, नक्की काय? पिवळं प्यायचं की नाही प्यायचं? एक काय ते सांगा. मी म्हटलं, पिवळं नाही, ते दुसरं, पिवळं! तो हसायला लागला. पुढचा ट्रकवाला तर मला ओळखतही नव्हता, तो काय सांगणार? मामंजी माझ्यामागे दोन पावलांवर उभे होते. मी डोळे मिटले आणि ओरडले: अल्तिन तामिर! आईला सांगा, अल्तिन तामिर प्या!

ताई, मेंढ्यांनीसुद्धा चरणं थांबवलं असं वाटलं मला. सासूबाईंनी हात गालावर नेला. घरचे जमिनीकडे बघायला लागले. मी मागे वळले नाही. फक्त मामंजींचा आवाज ऐकला. ते मोल्दोला म्हणाले, ऐकलंस ना नीट? आता वाट कसली बघतोस? जा!

त्यानंतर आईचं पत्र येईपर्यंत मी त्यांच्यासमोर गेले नाही. चहा सासूबाईंच्या हाती पाठवायची. ते दिवसभर मेंढ्यांमागे वर जायचे आणि येताना रोज त्या मुळांची जुडी आणायचे, पोत्यात टाकायचे. मला वाटायचं, ते माझ्यावर रागावून माझ्याच नजरेसमोर ती जुडी टाकतात. मग आईचं पत्र आलं. मी मोठ्यानं वाचलं, आणि रडायला लागले, आणि बुरुल मला बघून रडली, आणि धाकटा आम्हा दोघींना बघून. मामंजी तंबूच्या दाराशी बसून ऐकत होते. आईनं ट्रकवाल्याला मूळ पाजलं ते ऐकून ते इतके हसले की त्यांना खोकला आला. म्हणाले, माझं नाव इतक्या मोठ्यानं आजवर कुणी घेतलं नव्हतं, माझ्या आईनंसुद्धा नाही, आणि ती तर दुसऱ्या डोंगरावरून हाक मारायची.

मग मला म्हणाले, घे बघू पुन्हा. आता परवानगी आहे.

ताई, मी खरंच प्रयत्न केला. तू समोर असतीस तर टाळ्या वाजवण्याच्या तयारीत बसली असतीस. पण जीभ हलेना. त्या दिवशी निघाला तो शब्द आईच्या जिवासाठी निघाला, निवांतपणी निघेना. घरचे म्हणाले, राहू द्या बाबा, छळू नका. मामंजींनी मुळांचं पोतं पुढे ओढलं. मग म्हणाले, सून नाव घेत नाही ते सुनेचं काम झालं. माझं नाव मी घ्यायला मला कुणी बंदी घातलीय? तू जिन्नस पुढे कर, नाव मी घेतो.

तेव्हापासून असंच चाललंय. या आठवड्यात उतरणीची तयारी आहे. वरची फुलं आता सुकली, उशा तपकिरी झाल्या, निळी फुलं मिटली ती उघडत नाहीत. झऱ्याचं शेवाळ तेवढं हिरवं आहे. पहाटे त्याच्यावर बर्फाची साय धरते आणि लोण्याचं भांडं बोटांनी उकरावं लागतं. मी वाळवलेलं एकेक पुढे करते, मामंजी खणखणीत आवाजात नाव घेतात: अल्तिन तामिर! मी कागदात बांधते. ते पेन्सिल ओली करतात आणि पुडीवर स्वतः लिहितात. त्यांना लिहायला वेळ लागतो, अक्षरं मोठी होतात, कधी कधी एका पुडीवर मावत नाहीत. रंगाच्या शेवाळाच्या पुडीवर तर त्यांनी लांडग्याचं तोंड काढलंय, म्हणजे तुझ्या सभेतल्या बायकांनाही कळेल. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या सासऱ्यांच्या नावाचंही एक फूल आहे, झऱ्याकाठी येतं, तेही लिहून ठेवा, मी इतकी वर्षं त्याला नुसतं 'झऱ्यावरचं' म्हणतेय. मामंजींनी तेही लिहिलं.

मोल्दोबरोबर पाठवतेय. या वेळी काहीच सांगत नाही, काय प्यायचं, काय नाही. पुडीवर वाचा. अक्षरं माझी नाहीत.

माया ठेवा, दोघीही.
तुमची,
सायरा